मंत्र आणि मांथ्र: ध्वनी, अर्थ आणि आचरण

वैदिक परंपरेत ज्याला ‘मंत्र’ म्हणतात, त्यालाच प्राचीन इराणी प्रेषित झरथुष्ट्राच्या अनुयायांच्या अवेस्ता या धर्मग्रंथात ‘मांथ्र’ असे नाव आहे. मनन करणे या अर्थाचा ‘मन्’ हा एकच धातू आणि साधन दाखवणारा एकच प्रत्यय यांच्यापासून हे दोन्ही शब्द घडले आहेत. ही समानता योगायोगाची नाही, कारण वेदांची भाषा आणि अवेस्ताची भाषा एकाच इंडो-इराणी कुळातल्या असून, त्या बोलणारे समाज एके काळी एकत्र किंवा निदान शेजारी नांदत होते. पुढे एक शाखा सप्तसिंधूच्या प्रदेशात आणि दुसरी इराणच्या पठारावर स्थिरावली, त्यांचे देव, विधी आणि राज्ये वेगळी झाली; परंतु पवित्र शब्द नेमका उच्चारला तर त्यात सामर्थ्य असते, ही श्रद्धा दोघांनीही सारख्याच निष्ठेने जपली.

लेखनाचा आधार नसतानाही दोन्हीकडच्या पुरोहितांनी हे उच्चार असंख्य पिढ्या मुखोद्गत ठेवले आणि आज मुंबई-पुण्यासारख्या शहरांत ते एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर ऐकू येतात, एक पारशांच्या अग्यारीत, म्हणजे अग्निमंदिरात, आणि दुसरे वेदपाठशाळेत. तथापि ऐकणाऱ्याला आणि पुष्कळदा म्हणणाऱ्यालाही त्यांचा अर्थ ठाऊक नसतो. म्हणूनच मंत्राची शक्ती नेमकी कशात असते, त्याच्या ध्वनीत, त्याच्या अर्थात की तो म्हणणाऱ्याच्या आचरणात, हा प्रश्न आजही मोलाचा ठरतो. दोन्ही परंपरांच्या मूळ ग्रंथांकडे वळले, तर त्यांनी या तिन्ही गोष्टींची एकमेकींपासून फारकत होऊ दिली नव्हती, असे स्पष्ट दिसते.

एकाच मुळाच्या दोन शाखा

ऋग्वेदात १० मंडले आणि १०२८ सूक्ते आहेत. अवेस्ताचा सर्वांत प्राचीन आणि सर्वांत पूज्य भाग म्हणजे ‘गाथा’. ही १७ सूक्ते स्वतः झरथुष्ट्राची मानली जातात आणि छंदानुसार त्यांचे पाच गट पाडलेले आहेत. या गाथा स्वतंत्र ग्रंथ म्हणून टिकल्या नाहीत. ‘यस्न’ या ७२ अध्यायांच्या विधिग्रंथाच्या मध्यभागी त्या गुंफलेल्या आहेत आणि यस्नविधीत त्या म्हटल्या जातात म्हणूनच त्या शिल्लक राहिल्या. ‘यस्न’ हा शब्द म्हणजेच संस्कृतातला ‘यज्ञ’ होय. यस्नाचा मुख्य पुरोहित ‘झओतर’ हा वैदिक ‘होतृ’चा भाऊबंद आहे, त्यात पिळला जाणारा ‘हओम’ म्हणजे ‘सोम’ आहे, आणि ज्या विश्वनियमाचे गुणगान झरथुष्ट्र करतो तो ‘अश’ म्हणजे वैदिक ऋषींचे ‘ऋत’, अर्थात सत्य आणि सुव्यवस्था यांचे एकत्रित तत्त्व आहे.

हे साम्य शब्दांपुरते थांबत नाही, ते रचनेतही उतरले आहे. वैदिक त्रिष्टुभ् छंदात ११ अक्षरांचे चार चरण असतात. ‘स्पेन्त मइन्यू’ या गाथेच्या कडव्यातही ११ अक्षरांच्या चारच ओळी आहेत, आणि ‘उश्तवइती’ गाथेत तशाच पाच ओळी आहेत. दोन्हीकडे छंद अक्षरांच्या संख्येवर उभा आहे आणि चौथ्या किंवा पाचव्या अक्षरानंतर श्वासाला विसावा देणारी यती येते. गाथांमध्ये झरथुष्ट्र स्वतःला ‘मांथ्रन्’, म्हणजे मांथ्र रचणारा आणि उच्चारणारा, असे म्हणवतो; वैदिक ऋषीही स्वतःकडे याच भूमिकेतून पाहतात.

साम्य जितके खोल आहे तितकाच भेदही खरा आहे. वेदांत ‘देव’ पूज्य आहेत, तर अवेस्तात ‘दएव’ त्याज्य ठरले आहेत. उलट अवेस्तात ‘अहुर’ हे परमेश्वराचे नाव झाले, आणि ऋग्वेदाच्या जुन्या भागात वरुणासारख्या देवतेला आदराने लावलेले ‘असुर’ हे विशेषण पुढच्या काळात दैत्यवाचक बनले. ऋग्वेदात अनेक देवतांना आवाहन आहे. झरथुष्ट्राच्या गाथांत अहुर मझ्द हा एकच ईश्वर केंद्रस्थानी आहे आणि सत् व असत् यांतून माणसाने स्वतः निवड करावी, हा त्यांचा मुख्य उपदेश आहे. त्यामुळे दोन परंपरा एकच आहेत असे म्हणणे जितके चुकीचे, तितकेच त्या परस्परांना परक्या आहेत असे म्हणणेही चुकीचे ठरते.

सृष्टीच्या आधीचा शब्द

झरथुष्ट्री धर्मातला सर्वांत पवित्र मांथ्र म्हणजे ‘अहुन वइर्य’, ज्याला पारशी समाज त्याच्या आरंभीच्या शब्दांवरून ‘यथा अहू वैर्यो’ म्हणतो. यस्नाच्या २७व्या अध्यायातला हा मांथ्र अवघ्या तीन ओळींचा आणि २१ शब्दांचा आहे. संपूर्ण अवेस्ताचे मूळ २१ ग्रंथ, ज्यांना ‘नस्क’ म्हणतात, ते या २१ शब्दांतून उलगडले, असे परंपरा मानते. त्याच्या वाक्यरचनेबद्दल अभ्यासकांत मतभेद असले, तरी त्यात अश या तत्त्वानुसार निवडलेला मार्गदर्शक, ‘वोहू मनह्’ म्हणजे सद्विचार, त्या सद्विचारातून घडणारी कृत्ये आणि दीनदुबळ्यांचा सांभाळ करणारा रक्षक यांचा उल्लेख आहे, एवढे निश्चित.

यस्नाचा १९वा अध्याय हा या मांथ्रावरचे भाष्यच आहे. त्यात झरथुष्ट्र विचारतो की, सृष्टी निर्माण होण्याआधी मझ्दने कोणते वचन उच्चारले, आणि उत्तर मिळते की आकाश, जल, भूमी, वनस्पती, अग्नी आणि माणूस यांच्याही आधी अहुन वइर्य उच्चारला गेला. ‘बुंदहिश्न’ या पहलवी भाषेतल्या ग्रंथात हीच कल्पना पुढे नेली आहे: ईश्वराने हा मांथ्र म्हणताच दुष्ट शक्तीचा अधिपती अह्रिमन हतबल होऊन ३००० वर्षे मूर्च्छित पडला. ‘वेंदिदाद’ या ग्रंथात अह्रिमनाच्या हल्ल्याला खुद्द झरथुष्ट्र याच मांथ्राने परतवून लावतो. मांथ्र हे शस्त्र आहे ही कल्पना येथे अलंकार म्हणून आलेली नाही, ती शब्दशः घेतलेली आहे.

वैदिक वाङ्मयात या कल्पनेला अनेक प्रतिरूपे आहेत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या १२५व्या सूक्तात वाणी, म्हणजे ‘वाक्’, देवता होऊन स्वतःच बोलते आणि सर्व देवांना आपणच धारण करतो असे सांगते. शतपथ ब्राह्मणात प्रजापतीने ‘भूः’, ‘भुवः’ आणि ‘स्वः’ हे तीन उच्चार केले आणि त्यांतून पृथ्वी, अंतरिक्ष व द्युलोक झाले, अशी उत्पत्तिकथा आहे. याच तीन व्याहृती गायत्री मंत्राच्या आधी म्हटल्या जातात. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातल्या ६२व्या सूक्तातला, विश्वामित्र ऋषींच्या नावे असलेला हा मंत्र ८ अक्षरांच्या तीन चरणांचा, एकूण २४ अक्षरांचा आहे आणि सवितृ देवतेने उपासकाच्या बुद्धीला प्रेरणा द्यावी, ही त्यातली प्रार्थना आहे.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. ऋग्वेदात गाईगुरे, पुत्र, पाऊस आणि विजय मागणारी शेकडो वचने आहेत, अवेस्तातही आरोग्य आणि समृद्धी मागणाऱ्या प्रार्थना विपुल आहेत. परंतु दोन्ही समाजांनी रोजच्या जपासाठी जी वचने निवडली त्यांत ऐहिक लाभाची मागणी नाही. एकात ‘धी’ म्हणजे बुद्धीचा आणि दुसऱ्यात ‘वोहू मनह्’ म्हणजे सद्विचाराचा संबंध आहे. शब्दाला सामर्थ्य आहे असे मानणाऱ्या या लोकांनी ते सामर्थ्य सर्वांत आधी मनाकडे वळवले, ही त्यांच्या धर्मबुद्धीची फार मोठी खूण आहे.

ध्वनीचे राखणदार

मंत्राची शक्ती उच्चारात आहे असे मानले की उच्चारातली चूक हा अपराध ठरतो. त्वष्ट्याने इंद्राचा वध करणारा पुत्र व्हावा म्हणून यज्ञ केला, परंतु ‘इंद्रशत्रु’ या शब्दाचा स्वर चुकीच्या अक्षरावर पडला. त्यामुळे ‘इंद्राला मारणारा’ याऐवजी ‘ज्याला इंद्र मारील असा’ हा अर्थ झाला आणि जन्मलेला वृत्र इंद्राच्याच हातून मारला गेला, ही कथा वैदिक विद्यार्थ्याला इशारा म्हणून सांगितली जाते. यस्नाच्या १९व्या अध्यायातही तितकाच कडक इशारा आहे: जो अहुन वइर्य म्हणताना त्याचा अर्धा, तिसरा, चौथा किंवा पाचवा हिस्सा गाळील, त्याचा आत्मा परमलोकापासून दूर नेला जाईल.

वैदिकांनी ही अचूकता राखण्यासाठी जी व्यवस्था उभारली तिला जगात तोड सापडणे कठीण आहे. तैत्तिरीय उपनिषदात उच्चारशास्त्राची सहा अंगे सांगितली आहेत: वर्ण, स्वर, मात्रा, बल, साम आणि संतान, म्हणजे अक्षर, त्याची उंचसखलता, त्याचा काळ, त्यावरचा जोर, समतोल गती आणि अक्षरांची जोडणी. ऋग्वेदाच्या लिखित प्रतींत अनुदात्त अक्षराखाली आडवी रेघ आणि स्वरित अक्षरावर उभी रेघ असते, तर मूळ उदात्ताला कोणतीच खूण नसते. पाठशाळेत गुरू एक चरण म्हणतो आणि शिष्य तो दोनदा म्हणतो. यालाच ‘संथा’ म्हणतात. संथेच्या वेळी स्वर अंगी मुरावा म्हणून ऋग्वेदी विद्यार्थ्याचे मस्तक स्वराबरोबर खाली-वर हलते आणि शुक्ल यजुर्वेदी विद्यार्थ्याचा हात ठरावीक जागी फिरतो.

याहून विलक्षण आहेत ते पाठाचे प्रकार. एखाद्या मंत्रातले पहिले तीन शब्द क, ख आणि ग आहेत असे मानले, तर सलग म्हटलेला तो ‘संहितापाठ’, आणि संधी सोडवून एकेक शब्द सुटा म्हटला की तो ‘पदपाठ’ होतो. ‘क्रमपाठात’ कख, खग अशा जोड्या होतात. ‘जटापाठात’ कख, खक, कख असे पुढे-मागे-पुढे जावे लागते, आणि ‘घनपाठात’ कख, खक, कखग, गखक, कखग अशी वीण पडते. शब्दांचा क्रम उलटला की संधी बदलतो आणि त्याबरोबर स्वरही बदलतो, त्यामुळे घनपाठ म्हणणाऱ्याला प्रत्येक शब्द सुटा, जोडलेला आणि उलटा अशा सर्व अवस्थांत ठाऊक असावा लागतो. एखादे अक्षर गळले किंवा घुसडले गेले तर ते यांपैकी कोठेतरी पकडले जातेच. संहिता, ब्राह्मण, आरण्यक आणि वेदांगे असे दहा ग्रंथ मुखोद्गत असणाऱ्यास महाराष्ट्रात ‘दशग्रंथी’ म्हणतात, आणि घनापर्यंत पोहोचलेल्यास ‘घनपाठी’ ही उपाधी आदराने लावली जाते.

झरथुष्ट्री पुरोहितांनी, म्हणजे मोबेदांनी, वेगळा मार्ग धरला. इराणात सासानी राजवटीच्या काळात व्यवहारातली पहलवी लिपी इतकी संदिग्ध होती की एकच खूण अनेक ध्वनींसाठी वापरली जाई. तीत मांथ्र लिहिला तर उच्चार बिघडणार हे ओळखून त्यांनी त्या लिपीतूनच अवेस्तासाठी ५० हून अधिक चिन्हांची नवी लिपी घडवली, जिच्यात स्वरांचे बारीक भेदही नोंदवता येतात. एका धर्माच्या पाठाचा उच्चार टिपण्यासाठीच मुद्दाम बनवलेली ही लिपी आहे. गाथांच्या हस्तलिखितांत शब्दाच्या अखेरचा स्वर दीर्घ लिहिलेला आढळतो, आणि त्यावरून गाथा संथ, लांबवलेल्या सुरात म्हटल्या जात असाव्यात, असे अभ्यासक मानतात. म्हणजे कोणा विस्मृत मोबेदाच्या गळ्याची लकब अक्षरांत उतरून राहिली आहे. मात्र वेदांसारख्या स्वरांच्या खुणा या लिपीत नाहीत.

मौखिक परंपरा किती चिवट असते याचा एक अद्भुत पुरावा चीनमधल्या दुनहुआंग येथील गुहेतून मिळाला. सुमारे नवव्या शतकातल्या, सोग्दी लिपीतल्या एका कागदावर ‘अशेम वोहू’ हा १२ शब्दांचा मांथ्र लिहिलेला सापडला असून तो आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यातला पाठ अवेस्ताच्या प्रचलित हस्तलिखितांपेक्षाही जुन्या घडणीचा आहे आणि तेथे ‘अश’ या शब्दाचे रूप ‘ऋत’ या वैदिक शब्दाच्या अगदी निकट जाते. मध्य आशियातल्या सोग्दी भाषकांनी पुसट होत गेलेला हा उच्चार किती शतके सांभाळला असेल, याची कल्पना त्यावरून येते.

शब्द आणि कृती यांची गाठ

मंत्र हवेत सोडून द्यायचा नसतो, तो हातांनीही करायचा असतो. नवजोत या संस्कारानंतर प्रत्येक झरथुष्ट्री मुलगा आणि मुलगी ‘सुदरे’ हा पांढरा सदरा आणि त्यावर ‘कुस्ती’ हा कमरेचा पवित्र पट्टा धारण करते. मेंढीच्या लोकरीच्या ७२ धाग्यांनी विणलेल्या या कुस्तीतले ७२ धागे यस्नाच्या ७२ अध्यायांचे प्रतीक आहेत. म्हणजे अवघा पाठच अंगावर बांधला जातो. कुस्ती सोडून पुन्हा बांधताना दुष्ट शक्तीचा धिक्कार करणारे शब्द येतात तेव्हा तिला झटका दिला जातो. पुढे कमरेभोवती तीन वेढे घेताना यथा अहू वैर्यो म्हटला जातो आणि त्यातला ‘कृत्ये’ या अर्थाचा ‘श्यओथननाम्’ हा शब्द उच्चारताना पुढची गाठ मारतात. सद्विचारातून सत्कृत्य घडले पाहिजे, हा मांथ्राचा आशय येथे बोटांना शिकवला जातो. ‘हुमत, हूख्त, ह्वर्श्त’, म्हणजे सुविचार, सुवचन आणि सुकृत्य, ही या धर्माची त्रिसूत्री आहे, आणि तिच्यात वचनाचे स्थान विचार व कृती यांच्या मधोमध असणे अर्थपूर्ण आहे.

वैदिक संध्येतही आचमन, प्राणायाम, सूर्याला अर्घ्य आणि मग गायत्रीचा जप असा शब्द व कृती यांचा गोफ विणलेला असतो. प्रत्येक मंत्राबरोबर त्याचा ऋषी, छंद, देवता आणि ‘विनियोग’, म्हणजे तो कोणत्या कर्मासाठी वापरायचा ते, सांगण्याची पद्धत आहे. मनुस्मृतीत जपाची चढती श्रेणी दिली आहे: यज्ञापेक्षा मोठ्याने केलेला जप दहापट, ओठांतल्या ओठांत केलेला ‘उपांशु’ जप शंभरपट आणि ‘मानस’ जप हजारपट श्रेष्ठ. झरथुष्ट्री विधीतही ओठ मिटून पुटपुटण्याची ‘बाज’ नावाची रीत आहे. अवेस्ताच्या पाठात नंतरच्या भाषेतले शब्द आले तर ते या दबक्या आवाजात म्हटले जातात, जेणेकरून मांथ्राच्या भाषेत दुसरी भाषा मिसळू नये.

आयुष्याच्या अखेरीसही मांथ्राची सोबत असते. पारशी अंत्यविधीत दोन मोबेद ‘अहुनवइती’ ही पहिली गाथा म्हणतात. पारशी वर्षाचे शेवटचे पाच दिवस पाच गाथांच्याच नावाने ओळखले जातात आणि मुक्तादच्या या काळात दिवंगतांच्या फ्रवशींचे, म्हणजे त्यांच्या रक्षक आत्मतत्त्वांचे, स्मरण केले जाते.

रोग बरा करण्याचे सामर्थ्यही दोन्ही परंपरांनी मंत्रात पाहिले. वेंदिदादच्या सातव्या अध्यायात शस्त्राने, वनस्पतीने आणि मांथ्राने बरे करणारे असे तीन प्रकारचे वैद्य सांगितले असून, त्यांतला मांथ्राने बरे करणारा सर्वश्रेष्ठ मानला आहे. अथर्ववेदातल्या ज्वर, खोकला आणि विषबाधा यांवरच्या सूक्तांचा वापर कसा करावा हे कौशिक सूत्रात सांगितले आहे, आणि तेथेही मंत्राबरोबर पाणी, औषधी वनस्पती आणि विशिष्ट कृती असतातच.

अर्थाचा प्रश्न

मंत्राला अर्थ असतो का, हा प्रश्न आधुनिक वाटला तरी तो फार जुना आहे. यास्काच्या ‘निरुक्त’ या वैदिक शब्दांचा अर्थ उलगडणाऱ्या ग्रंथात कौत्स नावाच्या आचार्याचे मत दिले आहे की मंत्रांना अर्थ नाही. कारण त्यांचे शब्द व क्रम बदलता येत नाहीत, ते अशक्य गोष्टी सांगतात आणि कधी परस्परविरोधीही बोलतात. यास्काने याला सडेतोड उत्तर दिले: मंत्रांतले शब्द लोकव्यवहारातलेच आहेत, म्हणून त्यांना अर्थ आहे, आंधळ्याला खांब दिसला नाही तर तो खांबाचा दोष नव्हे. जो वेद पाठ करतो पण अर्थ जाणत नाही, त्याला तर यास्काने भार वाहणारा खांबच म्हटले आहे. याहून बोलका पुरावा पाणिनीय शिक्षेत मिळतो. हा ग्रंथ उच्चाराचा, तरी त्याने सांगितलेल्या सहा अधम पाठकांत गाणाऱ्यासारखा म्हणणारा, घाईने म्हणणारा, डोके हलवणारा, लिहिलेले वाचणारा आणि क्षीण आवाजाचा यांच्या पंक्तीत ‘अनर्थज्ञ’, म्हणजे अर्थ न जाणणारा, यालाही बसवले आहे.

झरथुष्ट्री परंपरेत अर्थ सांगणाऱ्या भाष्याला ‘झंद’ म्हणतात. यस्नाचे १९, २० आणि २१ हे अध्याय मुख्य मांथ्रांचा शब्दाशब्दाने अर्थ उलगडतात आणि तेही अवेस्ता भाषेतच आहेत. परंतु काळाच्या ओघात भाषा दुर्बोध झाली आणि हे भाष्यही मांथ्रासारखेच अर्थ न कळता म्हटले जाऊ लागले. अर्थाची ही तुटलेली साखळी जोडण्याचा एक मोठा प्रयत्न भारतात झाला: नेर्योसंग धवल या पारशी विद्वानाने मध्ययुगात यस्नाच्या मोठ्या भागाचे पहलवीच्या आधारे संस्कृतात भाषांतर केले आणि हजारो वर्षांपूर्वी दुरावलेल्या दोन भाषा एका पोथीत पुन्हा शेजारी आल्या.

आधुनिक काळात या कामाला महाराष्ट्राची भूमी लाभली. मार्टिन हाउग हा जर्मन पंडित १८५९ मध्ये पुण्यात संस्कृतच्या अध्यापनासाठी आला. त्याने वैदिक यागातल्या क्रिया एका श्रोत्रियाकडून समजून घेतल्या, पारशी दस्तुरांशी, म्हणजे वरिष्ठ पुरोहितांशी, चर्चा केली आणि १८६२ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधांत गाथांची भाषा उर्वरित अवेस्ताहून जुनी असून गाथा हीच झरथुष्ट्राची मूळ वाणी आहे, असे प्रतिपादन केले. त्याच सुमारास खरशेदजी रुस्तमजी कामा यांनी युरोपात शिकून येऊन मुंबईत मोबेदांच्या मुलांसाठी अवेस्ताच्या शास्त्रीय अभ्यासाचा वर्ग सुरू केला. कावसजी एदलजी कांगा यांनी अवेस्ताचे गुजरातीत भाषांतर केले आणि घरोघरच्या पारश्यांना आपल्या प्रार्थनांचा अर्थ वाचता आला. १८७६ मध्ये शंकर पांडुरंग पंडित यांनी ‘वेदार्थयत्न’ हे मासिक काढून ऋग्वेदाचा अर्थ मराठीत आणण्याचा आरंभ केला, तोही याच जागृतीचा भाग होता.

ध्वनी श्रेष्ठ की अर्थ, हा वाद मात्र मिटला नाही. बेहरामशाह नवरोजी श्रॉफ यांच्या ‘इल्म-ए-क्ष्नूम’ या पंथाने मांथ्राचे सामर्थ्य त्याच्या कंपनांत असते, म्हणून तो अवेस्ता भाषेतच म्हटला पाहिजे, असे सांगितले. उलट कराचीचे दस्तुर माणेकजी नसरवानजी धाला यांच्यासारख्या विद्वानांनी धर्माच्या नैतिक आशयावर आणि ऐतिहासिक अभ्यासावर भर दिला. वैदिक बाजूला फ्रिट्स स्टाल या डच अभ्यासकाने १९७५ मध्ये केरळातल्या पांजाळ येथील अग्निचयन या वैदिक यज्ञाचा अभ्यास केला आणि पुढे मंत्र व विधी यांना नियम असतात, अर्थ नसतो, असा सिद्धांत मांडला. कौत्साचे मत जणू अडीच हजार वर्षांनी नव्या वेषात आले.

विज्ञानाने या प्रश्नाला काही अंशी हात घातला आहे. २००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या एका अभ्यासात ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना आणि ‘ॐ मणिपद्मे हुं’ हा मंत्र म्हणणाऱ्यांचा श्वास मिनिटाला सुमारे सहापर्यंत मंदावतो आणि हृदय व रक्तदाब यांच्या नियमनावर त्याचा अनुकूल परिणाम होतो, असे दिसले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात शुक्ल यजुर्वेद मुखोद्गत असलेल्या २१ पंडितांच्या मेंदूंच्या प्रतिमा इतरांशी ताडून पाहिल्या गेल्या आणि स्मरणाशी निगडित भागांसह मेंदूच्या अनेक भागांत त्यांच्याकडे धूसर द्रव्य अधिक आढळले. या निष्कर्षांवरून लयबद्ध उच्चार शरीराला शांत करतो आणि दीर्घ पाठांतर मेंदूला घडवते, एवढे म्हणता येते. त्यावरून मंत्राने रोग हटतो किंवा विश्वाची शक्ती जागी होते असे सिद्ध होत नाही, आणि तसे दावे करणे हे विज्ञानाशी आणि परंपरेशीही अप्रामाणिकपणाचे आहे.

आजची जबाबदारी

वेदपठणाच्या परंपरेला युनेस्कोने २००३ मध्ये मानवजातीच्या मौखिक वारशाचा मान दिला आणि पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातली ऋग्वेदाची ३० हस्तलिखिते २००७ मध्ये जागतिक स्मृतिपटलावर नोंदली गेली. तरीही पतंजलीच्या काळी हजाराहून अधिक असलेल्या वेदशाखांपैकी अगदी थोड्याच आज पठणात उरल्या आहेत. दुसरीकडे २०११ च्या जनगणनेनुसार भारतात अवघे ५७,२६४ पारशी होते, आणि मोबेदांच्या घराण्यांतून पौरोहित्याकडे वळणारी मुले कमी होत आहेत. शतकानुशतके वेदांचे अध्ययन बहुसंख्य समाजाला आणि स्त्रियांना नाकारले गेले, हेही विसरता येत नाही. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीसारख्या संस्थांनी स्त्रियांना पौरोहित्याचे शिक्षण देऊन त्या अन्यायावर थोडा उतारा शोधला आहे, आणि ते काम अनेक गावांत व्हायला हवे.

ज्यांच्याकडे ध्वनी आहे त्यांनी अर्थ शिकावा आणि ज्यांच्याकडे अर्थ आहे त्यांनी ध्वनीचा अनादर करू नये, हाच या दोन परंपरांचा एकत्रित बोध आहे. पाठशाळेने संथेबरोबर निरुक्त शिकवावे, मोबेद घडवणाऱ्या पारशी मदरशाने मांथ्राबरोबर झंद शिकवावी, आणि विद्यापीठांनी ग्रंथालयातल्या पोथ्यांबरोबर जिवंत पाठकांचा पाठही ध्वनिमुद्रित करून जपावा. सामान्य वाचकाला याहून सोपी गोष्ट करता येण्यासारखी आहे: गायत्री असो, यथा अहू वैर्यो असो किंवा आपल्या घरातली दुसरी कोणतीही प्रार्थना असो, जी रोज तोंडी येते तिच्या प्रत्येक शब्दाचा अर्थ जाणत्या माणसाकडून समजून घ्यावा, ती शुद्ध म्हणायला शिकावे आणि दिवसभराच्या वागण्यात तिला उतरवण्याचा प्रयत्न करावा. सुविचार, सुवचन आणि सुकृत्य यांची साखळी जुळली की मंत्राला सामर्थ्य कोठून येते, हे वेगळे सांगावे लागणार नाही.